हायपो दुधाळ का झाला?

प्रश्न : मी नाशिकला राहतो आणि घरच्या न्हाणीघरात कृष्णधवल फिल्म धुतो. तयार फिक्सर, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा पक्की करणारे द्रावण, महाग पडतो, म्हणून एक लिटर द्रावणासाठी २५० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट विरघळवले आणि द्रावण आम्लधर्मी व्हावे यासाठी त्यात घरातले व्हिनेगर घातले. थोड्याच वेळात ते दुधासारखे पांढरे झाले व नाकाला झोंबणारा वास सुटला. माझे काय चुकले? हे द्रावण गाळून वापरता येईल का?

उत्तर : तुमचे वजन बरोबर होते, घात केला तो व्हिनेगरने. थायोसल्फेट, म्हणजे आपला नेहमीचा हायपो, आम्लात तग धरत नाही. त्याचे विघटन होऊन गंधकाचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात आणि सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. निर्यातीच्या द्राक्षपेट्यांत बुरशी लागू नये म्हणून जे कागद घालतात, त्यांतूनही हाच वायू हळूहळू सुटतो. तेव्हा नाशिककरांना हा वास अगदीच परका नसावा. मात्र दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बंद न्हाणीघरात त्याच्या जवळ थांबू नये. ते द्रावण गाळण्याच्या फंदात पडू नका, कारण इतके बारीक कण गाळणकागदातूनही निसटतात आणि फिल्मवर राहिलेला गंधक पुढे प्रतिमेतल्या चांदीलाच डागाळतो.

आम्ल हवेच असेल, तर हायपोला आधी सल्फाइटचा आधार द्यावा लागतो. कोडॅकच्या ‘एफ-२४’ या जुन्या सूत्रात एक लिटर द्रावणासाठी २४० ग्रॅम हायपो, १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट आणि २५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट एवढेच लागते. बायसल्फाइटऐवजी मेटाबायसल्फाइट मिळाले तरी काम भागते. सुमारे ५० अंशांचे अर्धा लिटर पाणी घ्या, कारण हायपो विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतो आणि नाशिकच्या जानेवारीतल्या गारठ्यात नळाच्या पाण्यात त्याचे खडे तळाशी तसेच पडून राहतात. हायपो पूर्ण विरघळल्यावर सल्फाइट घाला. बायसल्फाइट मात्र द्रावण निवल्यावर, सर्वांत शेवटी घाला आणि मग पाण्याने एक लिटर पुरे करा. हा क्रम मोडलात तर पुन्हा दूधच हाती येईल. दुकानदाराने खड्यांऐवजी निर्जल भुकटी दिली असेल, तर २४० ग्रॅमऐवजी सुमारे १५३ ग्रॅम पुरते. फिल्मवरचा थर कडक व्हावा म्हणून तुरटी घालण्याची शिफारस जुन्या पुस्तकांत आढळते. आजच्या फिल्मला तिची सहसा गरज नसते आणि तिच्यामुळे फिल्म शेवटी पाण्याने धुण्याचा वेळ उगाच वाढतो.

फिल्मचा एक तुकडा उजेडातच या द्रावणात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म फिक्सरमध्ये ठेवा. पुढे पारदर्शक व्हायला लागणारा वेळ ताज्या द्रावणातल्या वेळेच्या दुप्पट झाला, की द्रावण संपले असे समजावे.

संपलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, म्हणून ते मोरीत ओतून गोदावरीच्या वाटेला लावू नये. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्या हवेत, त्यात साध्या लोखंडी तारेचा बोळा काही दिवस बुडवून ठेवल्यास लोखंड विरघळत जाते आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. भांडी घासायची चकचकीत तार बहुधा स्टेनलेस असते. तिचा येथे उपयोग नाही.