टाईप १ मधुमेह असलेला माझा १५ वर्षांचा मुलगा शुगरच्या वहीत खोटे आकडे लिहितो. त्याला कसं समजवावं?

समजावू नका. त्याला खोटं का लिहावं लागतं ते आधी शोधा, आणि शोधताना काका, आजी, शेजारीण कुणी खोलीत नको.

मी सोलापुरात नर्स आहे. टाईप १ च्या मुलांना इन्सुलिन, खाणं, शुगर मोजायचं मीटर शिकवण्याचं काम १८ वर्षं करते आहे. खोटी वही मला लांबून ओळखू येते. महिन्याभराचे आकडे एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेले असतात, सगळे १०८, ११५, १२१. खऱ्या वहीत पेनं बदलतात, कोपरे दुमडतात आणि पानाच्या कडेला बोटाच्या रक्ताचा एखादा तपकिरी ठिपका हमखास असतो.

तुमच्या मुलाएवढाच एक मुलगा आमच्याकडे यायचा. संक्रांतीच्या, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या), आठवडाभर आधी आला तेव्हा वही अशीच करकरीत. डॉक्टरांनी शाबासकी दिली. तासाभरानं एचबीए१सीचा रिपोर्ट आला, ११.४. म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी २८० च्या घरात. मग अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात डॉक्टर त्याला खोटारडा म्हणाले. आई रडायला लागली. पोरगं मान खाली घालून बुटाची लेस सोडत-बांधत बसलं.

मी त्याला बाहेरच्या बाकावर नेलं, मीटर मागितलं आणि मागचे आकडे बघत गेले. ३१२, ३८६, एकदा नुसतं ‘हाय’ (मीटरच्या मापापलीकडची शुगर), त्यानंतर नऊ दिवस काहीच नाही. मी गप्प बसले. शेवटी तोच म्हणाला, "सिस्टर, गेल्या वर्षी गड्ड्याला ६८ लिंगांच्या मिरवणुकीत शुगर उतरली. अंगातली बाराबंदी घामानं भिजली, काकांनी खांद्यावर टाकून घरी आणलं. सगळे बघायले होते. यंदा तसं नको म्हणून इन्सुलिन कमी घ्यायलोय."

वर्षभर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

मग आम्ही बसून ठरवलं. मिरवणुकीच्या दिवसाचा डोस डॉक्टरांकडून लिहून घेतला. बरोबर चालणाऱ्या दोन मित्रांना त्यानं स्वतः सांगितलं. कमरेच्या पिशवीत मीटर आणि ग्लुकोजच्या पुड्या, दर दीड तासानं तपासणी. यात्रा संपल्यावर वही घेऊन आला. त्या दिवसाच्या पानावर वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "दु. २, ६६. ग्लुकोज ३ चमचे. १५ मिनिटांनी ९४. भाकरी खाल्ली, परत निघालो." शेजारी रक्ताचा ठिपका. ते पान मी त्याच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं.

ते अजून म्हणतात, "सिस्टर, तुम्ही लाड करता. या वयात धाक हवा." मी अजून म्हणते, धाकानं वही सुधारते, शुगर नाही. डॉक्टरांना मूल तीन महिन्यांत दहा मिनिटं दिसतं, सुई ते दिवसातून चार वेळा टोचतं. मधले सगळे तास त्याला कुणीतरी शिकवावे लागतात. ते काम नर्सचं आहे, आणि ते इंजेक्शन देण्यापेक्षा कमी दर्जाचं नाही.

तुमच्या घरी ३०० आला की काय होतं ते आठवून बघा. कपाळाला आठ्या, ‘काय खाल्लंस’, आई जेवायचं सोडते, असं असेल तर तो १२० च लिहिणार. ‘बरं, आता काय करू या’ एवढंच म्हणा. मीटरमधले आकडे त्याच्यासोबत बसून बघा, पाठीमागे नाही. मीटरच्या पट्ट्या महाग म्हणून तो वाचवत तर नाही ना, हेही विचारा. रोज एकाच जागी टोचून पोटाला गाठी झाल्यात का, ते हातानं चाचपा. गाठीत इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दहावीला असेल आणि पेपरात शुगर उतरायची भीती असेल, तर सीबीएसईनं २०१७ पासून गोड खाऊ, फळ, पाणी आत नेऊ दिलंय. दुसरं बोर्ड असेल तर डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांना आत्ताच द्या.

एक राहिलं. शुगर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास सुरू झाला, तर वहीचं, खरं-खोट्याचं सगळं बाजूला ठेवा आणि रात्र असली तरी तडक दवाखान्यात न्या. आणि डोस तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, वर लिहिलंय ते त्या एका मुलाचं, त्या एका दिवसाचं.