वेल्डिंगचा उजेड मोजणारी नोकरी

प्रश्न : ताई, मी बेळगावजवळच्या मच्छेची. फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा उद्यमबागेत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर आहेत. अधूनमधून मध्यरात्री त्यांच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी थांबत नाही. आजी काकडी ठेवते. तुम्ही वेल्डिंगचे किरण मोजता असं कळलं. हे काम काय असतं? मला जमेल का?

उत्तर : आधी बाबांचं बोलू. वेल्डिंगच्या आर्कमधल्या, म्हणजे त्या झगझगीत विजेच्या ज्योतीतल्या, अतिनील किरणांनी डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा भाजतो. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून दुपारचं काम रात्री भोवतं. काकडीनं गार वाटेल एवढंच. डोळे चोळू देऊ नका आणि मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालू नका, त्यानं जखम भरत नाही. एक-दोन दिवसांत उतरलं नाही किंवा अंधुक दिसलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आता काम. मी अतिनील किरण मोजणाऱ्या मीटरचा सेन्सर वेल्डरच्या मास्कच्या आत, डोळ्यांच्या उंचीवर धरते, मग बाहेर, आणि मग हेल्पर जॉब (वेल्डिंग करायचा तुकडा) धरून उभा असतो तिथे. डोळ्याला सगळ्यात जास्त बाधणारी तरंगलांबी 270 नॅनोमीटरच्या आसपास, तिला मीटर जास्त वजन देतो. आठ तासांची मर्यादा आहे चौरस मीटरला 30 ज्यूल. मीटरवर चौरस मीटरला 1 वॅट, म्हणजे सेकंदाला 1 ज्यूल, दिसला, की दिवसभराचा वाटा 30 सेकंदांत संपला! तू फिजिक्सची, हे तुला पटकन कळेल. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाईवर येतो, हेही. ॲल्युमिनियमवर आर्गॉन वेल्डिंग चालू असेल तर आणखी जपावं लागतं.

मला राग येतो तो याचा, की मास्क वेल्डरच्या डोक्यावर असतो आणि हातभर अंतरावरचा हेल्पर नुसती मान वळवतो. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 35 मध्येच प्रखर उजेडापासून डोळे वाचवायला पडदे किंवा गॉगल यांची तरतूद होती. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगच्या अतिनील किरणांना माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात घातलं, त्यामागे डोळ्यातल्या मेलॅनोमाचा (एका प्रकारच्या कॅन्सरचा) पुरावा होता. हेल्परलाही काळ्या काचेचा मास्कच हवा. मागून ये-जा करणाऱ्यांसाठी जाड, अपारदर्शक पडदा पुरतो.

फिजिक्स या कामाला उत्तम. इंडस्ट्रियल हायजीन, म्हणजे कामाच्या जागेवरचे आरोग्याचे धोके मोजायचं शास्त्र, त्यातलं पदव्युत्तर शिक्षण बघ. मुंबईत सायनची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, दोन्हीकडे चौकशी कर. नोकऱ्या मोठ्या कारखान्यांत, लहान शेडमध्ये आपणहून जावं लागतं. आणि कन्नड सोडू नकोस. आपल्याकडे एकाच शेडमध्ये दोन्ही भाषा चालतात आणि रात्रीचं दुखणं माणूस स्वतःच्या बोलीतच सांगतो.

बाबांचे मालक तयार असतील तर संपादकांकडे कळव. मी मीटर घेऊन येते, पहिलं रीडिंग हेल्परच्या जागेवरचं घेऊ.