एकाच पक्षाचं राज्य टिकतं कशावर?

प्रश्न : मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. तो म्हणतो, इथे 1959 पासून एकच पक्ष सत्तेवर आहे आणि सगळं सुरळीत चाललंय. चीनचंही तेच. लोक अशा सरकारांना पाठिंबा कसा देत राहतात? आणि मग आपण निवडणुकांचा एवढा खटाटोप कशाला करायचा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुलाचा अनुभव खरा आहे, पण सिंगापूर आणि चीन एका पंगतीत बसत नाहीत. सिंगापुरात विरोधकांची वाट बिकट असली तरी मतं खरोखर मोजली जातात. 2011 मध्ये सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टी 60 टक्क्यांवर आली, स्वातंत्र्यानंतरची सगळ्यात कमी मतं. अल्जुनिद हा पाच जागांचा मतदारसंघ हातचा गेला. तिथे पाचांतले जवळपास चार जण सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, त्यामुळे घरं महागली की राग थेट सरकारवर निघतो. त्या फटक्यानंतर घरबांधणी झपाट्याने वाढली.

चीनमध्ये पक्षाची पत 1978 च्या आर्थिक सुधारणांनंतरच्या भरभराटीवर उभी आहे. लोकांचा कानोसा तिथेही घ्यावाच लागतो. बीजिंगमध्ये 12345 या फोन क्रमांकावर तक्रार करता येते आणि किती तक्रारी सुटल्या यावर स्थानिक अधिकाऱ्यांची क्रमवारी लागते. सोय चांगलीच आहे. पण तक्रार गटाराची चालते, वरच्या नेत्याची नाही.

ऐकायचंच बंद केलं की काय होतं, ते कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यातल्या पूर्व जर्मनीत दिसलं. मतपत्रिकेवर एकच यादी. घडी घालून पेटीत टाकली की झालं मतदान! विरोध करायचा तर आडोशाला जाऊन नावं खोडायची, आणि आडोशाला कोण जातंय यावर नजर असायची. 7 मे 1989 च्या स्थानिक निवडणुकांत काही नागरिक मोजणीच्या वेळी केंद्रांवर उभे राहिले आणि विरोधातली मतं त्यांनी स्वतः टिपून घेतली. सरकारने जाहीर केलं, 98.85 टक्के पाठिंबा. टिपलेल्या आकड्यांशी ते जुळेना. ज्यांच्या निवडणूक आयोगाने तो निकाल दिला ते एगॉन क्रेन्झ ऑक्टोबरात पक्षप्रमुख झाले, पण त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली.

मी राज्यशास्त्र शिकवायचे, तेव्हा मतमोजणीची ड्युटीही केली आहे. जाळीपलीकडे सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी वही घेऊन बसतात, एकेका आकड्यावर हुज्जत घालतात, जेवायलाही उठू देत नाहीत. हरलेला उमेदवार निकाल मान्य करतो, तो आपल्या माणसाच्या त्या वहीवर भरवसा ठेवून. आम्ही वर्गात जिला अधिमान्यता म्हणायचो, म्हणजे राज्य करायचा हक्क लोकांनी मनापासून मानणं, ती मला त्या टेबलावर दिसली. नुसत्या चांगल्या रस्त्यांनी ती मिळत नाही.

खटाटोपाचं म्हणाल, तर मार्च 2022 मध्ये आपल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं पुण्याचा कारभार प्रशासकाकडे होता. कचरा उचलला जात होता, मिळकतकराची बिलं येत होती. पण पाणी आलं नाही, तर ज्याचं दार वाजवून ‘पुढच्या वेळी मत मागायला या, मग बघतो’ म्हणावं, असा नगरसेवक वॉर्डात नव्हता.