बर्लिनच्या भिंतीवरील चित्रे

प्रश्न : बर्लिनच्या भिंतीवरील निषेधाची चित्रे पूर्व जर्मनीतील नागरिकांनी काढली होती का?

उत्तर : नाही. पूर्वेकडील नागरिकांनी भिंतीजवळ फिरकणेही जिवावर बेतणारे असल्याने ती पश्चिमेकडील बाजूस उमटली. मात्र भिंत सीमेपासून काही मीटर आत, पूर्व जर्मनीच्याच हद्दीत उभी असल्यामुळे, चित्रकार पश्चिम बर्लिनमध्ये आहे असे वाटले तरी कायद्याने तो परक्या भूमीवर असे आणि सैनिक त्याला पकडू शकत. १९८४पासून तेथे रंगवणारा फ्रेंच चित्रकार थिएरी न्वार म्हणूनच साधे, झटपट पुरे होणारे चेहरे काढीत असे. पर्यटकांची गर्दी खेचणारी ईस्ट साइड गॅलरी, म्हणजे चित्रांनी भरलेला भिंतीचा उरलेला भाग, भिंत खुली झाल्यानंतर, १९९० मध्ये, पूर्वेकडील बाजूवर रंगवली गेली. तिला निषेधापेक्षा स्मारक म्हणणे मला अधिक योग्य वाटते.