मानवाधिकारांवर एवढं बोलणारे पाश्चात्य देश सौदीबद्दल गप्प का बसतात?

तेल, शस्त्रांची विक्री आणि इराणविरुद्ध साथीदार हवा, कारणं एवढीच. पण त्याची किंमत कोण मोजतं तेही सांगायला हवं.

2 ऑक्टोबर 2018 ला सौदी राजवटीवर टीका करणारा जमाल खाशोगी हा सौदी पत्रकार इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेला, लग्नासाठी कागदपत्रं हवी होती, होणारी बायको बाहेर वाट बघत उभी, आणि तो परत आलाच नाही, मृतदेहसुद्धा मिळाला नाही. बायडन निवडणुकीआधी म्हणत होते सौदीला वाळीत टाकू, 2021 मध्ये त्यांच्याच सरकारने रिपोर्ट जाहीर केला की खाशोगीला पकडायच्या किंवा मारायच्या कारवाईला सौदीचा युवराज प्रिन्स मोहम्मद बिन सलमानची मंजुरी होती, आणि जुलै 2022 मध्ये पेट्रोल भडकलेलं असताना तेच बायडन जेद्दाला जाऊन त्याच प्रिन्सच्या मुठीला मूठ लावून आले. मला ते बघवलं नव्हतं.

येमेनचं तर कुणी नावच काढत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये सादा प्रांतात मुलांच्या सहलीच्या बसवर, तिथल्या युद्धात सौदीच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या देशांच्या आघाडीने बॉम्ब टाकला, 40 मुलं गेली, युनिसेफची निळी दप्तरं रक्ताने माखून पडलेली, आणि बॉम्ब अमेरिकन बनावटीचा. जर्मनीने निदान खाशोगीनंतर काही वर्षं शस्त्रं देणं थांबवलं होतं, ते चांगलंच केलं. ब्रिटनमध्ये 2019 ला कोर्टाने सांगितलं की ही शस्त्रविक्री बेकायदेशीर पद्धतीने मंजूर होतेय, तर साधारण वर्षभराने सरकारने येमेनमधले हल्ले सुट्या-सुट्या घटना आहेत म्हणत शस्त्रविक्रीची लायसन्स परत चालू केली.