‘सेट’ला इतके अर्थ कसे?

प्रश्न : बाई, माझी मुलगी यंदा अकरावीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. परवा तिने कोशात ‘सेट’ काढला तर अर्थच संपेनात. घड्याळ सेट, हाड सेट, पेपर सेट, सूर्यसुद्धा सेट! एवढं पाठ कसं करायचं म्हणून ती रडकुंडीला आली. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कुठून आले? (एक आई, सिडको, नाशिक)

उत्तर : ताई, आधी तिला सांगा की पाठ अजिबात करू नकोस. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदवलेले आहेत आणि ती नोंदच जवळजवळ ६०,००० शब्दांची आहे. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने झाली तेव्हा तिने ६४५ अर्थांनिशी ‘सेट’लाही मागे टाकलं. इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे, त्यांनीही हे कधी पाठ केलेलं नसतं.

मी वर्गात हा शब्द शिकवताना फळ्यावर आधी ‘बसणे – बसवणे’ ही जोडी लिहायचे. जुन्या इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचंच प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे बसायला लावणे. मराठीत आपण ‘व’ घालून पुष्कळ क्रियापदांचं असं रूप करतो: करणे – करवणे, हसणे – हसवणे. इंग्रजीत ही रीत केव्हाच मोडली, थोड्या जोड्या तेवढ्या उरल्या. ‘राइज – रेझ’ म्हणजे उठणे – उठवणे, ‘लाय – ले’ म्हणजे पडून असणे – ठेवणे, आणि ही आपली ‘सिट – सेट’.

आता मुलीला घेऊन बसा आणि ‘बसवणे’ लावून बघा. सराफ बाजारात कारागीर अंगठीत खडा बसवतो, तो सेट. निखळलेलं हाड बसवतात, तेही सेट. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात, त्यालाही इंग्रजीत ‘सेट अ हेन’ असंच म्हणतात. हे सांगितलं की खेड्यातून आलेली मुलं एकदम खुलायची, कारण ते त्यांनी आजीच्या हातचं बघितलेलं असायचं. खेळपट्टीवर जम बसलेला फलंदाज ‘सेट बॅट्समन’. आणि मावळताना सूर्य खाली बसतो, म्हणून ‘सनसेट’.

सगळीकडे ‘बसवणे’ चालणार नाही, हेही तिला कळू द्या. घड्याळाचा गजर आपण लावतो, ताटं मांडतो, पेपर काढतो, किंमत ठरवतो, आदर्श घालून देतो. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी ‘सेट’ म्हणून मोकळी होते. पण नीट पाहिलं तर एखादी गोष्ट नेमक्या जागी किंवा नेमक्या स्थितीत आणून ठेवणं, हा धागा सगळीकडे आहे. ‘सेट ऑन फायर’, ‘सेट फ्री’, ‘सेट राइट’ हे प्रयोगही त्यातलेच: पेटवणे, सोडून देणे, नीट करणे.

म्हणून वहीत ‘सेट’ एकटा लिहायचा नाही. काय सेट केलं, ते जोडूनच लिहायचं: द अलार्म, द बोन, द पेपर, द प्राइस. पुढचं नाम दिसलं की अर्थ आपोआप कळतो.

आणखी एक. चहाच्या कपांचा सेट, सेट डोसा, नववीच्या गणितातला ‘संच’ हे या क्रियापदाचे थेट वंशज नाहीत. समूह या अर्थाचं ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायी, पंथ. ‘सेक्ट’ हा शब्द त्याचाच भाऊ. पुढे दोन्ही ‘सेट’ एकमेकांत मिसळले. प्राध्यापक होण्यासाठी देतात ती ‘सेट’ परीक्षा मात्र निव्वळ आद्याक्षरं आहेत, तिचा इथे काही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही बागेत ‘मणी सेटिंग झाली’ असं म्हणतो. मुलगा पुण्याला शिकतो, तो म्हणतो हे गावठी इंग्रजी आहे, चारचौघांत बोलू नका. खरं काय? (एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : दादा, बिनधास्त बोला. फळशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘फ्रूट सेट’, ‘बेरी सेट’ हेच शब्द आहेत. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठी करतात त्या छाटणीनंतर, साधारण चाळीस दिवसांच्या आसपास फुलोरा येतो. त्यातल्या पुष्कळ फुलांची गळ होते, आणि जी टिकतात त्यांचा मणी धरतो, तेच सेटिंग. ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा, पाऊस आला की गळ आणि कुज वाढते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्या तोंडी असलेला हा शब्द नेमका शास्त्रातला आहे, मुलाला तसं ठणकावून सांगा.

प्रश्न : स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, सिमेंट सेट झालंय. मग टेकू आणखी इतके दिवस कशाला ठेवायचे? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : सेट होणं आणि ताकद येणं वेगळं. साध्या सिमेंटसाठी भारतीय मानक असं आहे की ते ३० मिनिटांच्या आत आवळायला लागू नये आणि ६०० मिनिटांत पूर्ण सेट व्हावं. ताकद त्यानंतर चढत जाते, म्हणून काँक्रीटची कसोटी २८ दिवसांची धरतात. टेकू कधी काढायचे ते इंजिनियरला विचारूनच ठरवा, आणि तोवर पाणी मारायला चुकू नका.

प्रश्न : वरच्या कोर्टाने आमच्या विरुद्धचा आदेश ‘सेट असाइड’ केला, असं वकिलांनी फोनवर सांगितलं. म्हणजे बाजूला ठेवला, पुढे बघू म्हणाले, असंच ना? घरात सगळे काळजीत आहेत. (एक वाचक, निफाड)

उत्तर : नाही हो, काळजी करू नका. घरगुती इंग्रजीत ‘सेट असाइड’ म्हणजे बाजूला ठेवणं, पण कोर्टाच्या भाषेत त्याचा अर्थ रद्दबातल केला. तो आदेश आता तुमच्यावर लागू नाही. मात्र निकालाची प्रत हातात आली की शेवटचा परिच्छेद वकिलांकडून नीट समजून घ्या. तिथे ‘रिमांडेड’ असा शब्द असेल, तर प्रकरण फेरसुनावणीसाठी खालच्या कोर्टात परत पाठवलेलं आहे आणि तुम्हाला तिथे तारखेला हजर राहावं लागेल.