नोकरी सुटली आणि ४०१केचं लोन डोक्यावर आहे, तर आधी हे बघ

तुझा मेसेज वाचला. ले-ऑफबद्दल मी काही बोलत नाही, ते चार जणांकडून ऐकून तुझे कान किटले असतील, आपण फक्त ४०१केमधून, म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्तीच्या खात्यातून, तू घेतलेल्या लोनचं बघू.

"६० दिवसांत सगळे १२,००० डॉलर भर नाहीतर मेलास" हे तुला ज्याने सांगितलं तो जुन्या नियमावर चाललाय. ६० दिवस एच१बी वर्क व्हिसाच्या ग्रेस पिरियडचे, म्हणजे नोकरी गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणाऱ्या मुदतीचे, ते खरेच आहेत, ते धाब्यावर बसवू नकोस. लोनलाही पूर्वी साधारण तेवढेच मिळायचे, पण २०१७च्या टॅक्स कायद्याने ते बदललं आणि २०१८पासून मुदत बरीच लांबली.

आता होतं कसं बघ. पगारातून हप्ता कापणारा पगारच राहिला नाही, मग काही प्लॅन बँक अकाउंटमधून हप्ते चालू ठेवू देतात, तसं असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर ते उरलेलं लोन तुझ्या बॅलन्समधून वजा करतात, त्याला ऑफसेट म्हणतात. तुझ्या हातात दमडी येत नाही पण आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, लेखी तू १२,००० काढलेस. तू २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये असशील तर २,६४० टॅक्स आणि साडेएकोणसाठच्या आत आहेस म्हणून १० टक्के पेनल्टी, म्हणजे १,२००, एकूण ३,८४०. कॅलिफोर्नियात असतास तर वर त्यांची अडीच टक्के पेनल्टी आणि स्टेट टॅक्स.

हे टाळायचं तर तेवढे पैसे, कुठूनही आलेले, रोलओव्हर आयआरएमध्ये (तू स्वतः उघडायचं निवृत्तीचं खातं, ज्यात ४०१केचे पैसे हलवता येतात) किंवा नव्या कंपनीच्या प्लॅनमध्ये टाकायचे. मुदत ऑफसेट ज्या वर्षी झाला त्या वर्षाच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत, एक्स्टेन्शन घेतलंस तर १५ ऑक्टोबर. म्हणजे ऑफसेट डिसेंबरऐवजी जानेवारीत पडला तर अख्खं वर्ष जास्त मिळतं! आणि सगळे नाही जमले तरी जमतील तेवढे टाक, ५,००० टाकलेस तर टॅक्स ७,०००वरच.

पण मग क्रेडिट कार्डवरून उचलून भरू का, असं विचारशील, तर अजिबात नको. हे लोन क्रेडिट रिपोर्टवर येत नाही, तुझेच पैसे तू स्वतःला देणं लागतोस, त्यामुळे आधी भाडं, इन्शुरन्स, वकिलाची फी. नोकरी लागली की मग हे.

एक घोळ मात्र करू नकोस, घाईघाईत सगळा ४०१के आयआरएमध्ये हलवायचा. अकाउंट रिकामं केलंस की लोन तिथल्या तिथे ऑफसेट होतं. आधी नव्या कंपनीला विचार, काही प्लॅन लोनसकट रोलओव्हर घेतात.

उद्या प्लॅनवाल्यांना फोन लाव आणि हप्ते चालू ठेवता येतील का आणि नाही तर ऑफसेट कोणत्या तारखेला करणार एवढं विचार, उत्तर ईमेलवर मागून घे. ऑफसेट झालाच तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला १०९९-आर, म्हणजे खात्यातून काढलेल्या पैशांचा टॅक्स फॉर्म, येईल, त्यात बॉक्स ७मध्ये एम कोड, म्हणजे ऑफसेटचा, आहे ना बघ. एल असेल तर त्यांनी ते डीम्ड डिस्ट्रिब्युशन, म्हणजे हप्ते थकल्यामुळे पैसे काढल्यासारखं, धरलंय आणि ते रोलओव्हर करता येत नाही, मग लगेच भांड त्यांच्याशी. आणि हो, घर बदललंस किंवा भारतात गेलास तर पत्ता कळव त्यांना, तो फॉर्म जुन्या अपार्टमेंटच्या मेलबॉक्समध्ये पडून राहायला नको.